एसपीएममधलं डीसीएम: ठिपक्यांच्या पुढचं, पण ठिपक्यांवाचून नाही

"ॲक्टिव्हेशन झालं ना, मग त्याच डेटावर कनेक्टिव्हिटीपण करून टाका." एफएमआरआयचं (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचं काम मोजणाऱ्या स्कॅनचं) विश्लेषण करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असेल. ॲक्टिव्हेशन म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते, आणि कनेक्टिव्हिटी म्हणजे भागांचा एकमेकांवर होणारा परिणाम. दुसऱ्यांच्या प्रयोगांचा डेटा घेऊन बसणं हेच माझं काम, त्यामुळे मला ते ज्येष्ठ प्राध्यापकांकडूनही ऐकावं लागतं आणि नुकत्याच रुजू झालेल्या विद्यार्थ्यांकडूनही. ज्या सॉफ्टवेअरवर हे 'करून टाकायचं' असतं, त्याचंच परीक्षण लिहायला घेतलंय. सॉफ्टवेअर म्हणजे एसपीएम (स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग), आणि त्यातलं डीसीएम, म्हणजे डायनॅमिक कॉजल मॉडेलिंग.

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. डीसीएम उत्तम आहे, मी ते वापरते आणि वापरत राहणार. मात्र नेहमीच्या ॲक्टिव्हेशन विश्लेषणात मेंदूच्या नकाशावर जे रंगीत ठिपके मिळतात, त्यांचाच खुलासा मागण्याचं ते साधन आहे. ठिपक्यांखेरीज आणखी काही नवं 'सापडेल' म्हणून जो ते उघडतो, त्याच्या हाती बाणांचं एक देखणं चित्र येतं आणि त्याखाली काय लिहावं ते कळत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी हवी त्यांच्यासाठी थोडक्यात. एसपीएमची पहिली आवृत्ती कार्ल फ्रिस्टन यांनी १९९१ मध्ये लिहिली. पुढे ते लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या मेंदू-चित्रण केंद्रात वाढलं. फुकट आहे, कोड उघडा आहे. चालवायला मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर लागतं आणि त्याचा परवाना मात्र फुकट नसतो. मॅटलॅबशिवाय चालणारी तयार आवृत्तीही मिळते, पण कोडमध्ये हात घालायचा असेल तर ती फारशी कामाची नाही. एसपीएम१२ हे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि बहुतेक प्रयोगशाळांत अजून तेच नांदतंय. २०२५ मध्ये एसपीएम२५ आलं. एफएमआरआयसाठीचं डीसीएम फ्रिस्टन, हॅरिसन आणि पेनी यांच्या २००३ च्या लेखातलं.

आता मुख्य गोष्ट. नेहमीचं ॲक्टिव्हेशन विश्लेषण काय करतं? प्रयोगात काय केव्हा दाखवलं त्याची वेळापत्रकं घेतं, रक्तप्रवाहाच्या ठरलेल्या प्रतिसादात ती बुडवून काढतं, आणि मिळालेले रिग्रेसर (अपेक्षित चढउतारांच्या रेघा) प्रत्येक व्हॉक्सेलच्या, म्हणजे चित्रातल्या छोट्या घनाच्या, सिग्नलवर बसवतं. प्रत्येक व्हॉक्सेल स्वतंत्र. शेजारच्या व्हॉक्सेलशी त्याचं बोलणं नाही, दूरच्याशी तर नाहीच. म्हणजे गृहीत असं, की पडद्यावर जे दिसलं ते थेट, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय, मेंदूच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचलं. हे खरं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पद्धत चालते, कारण तिला विचारलेला प्रश्नच साधा असतो: या ठिकाणी प्रयोगाचा परिणाम झाला की नाही?

डीसीएम याच समीकरणाला जोडण्या देतं. मेंदूचे मोजके भाग घ्यायचे आणि प्रत्येक भागाची मज्जापेशींची हालचाल क्षणाक्षणाला कशी बदलते ते तीन गोष्टींवरून सांगायचं. ए म्हणजे भागाभागांतल्या कायमच्या जोडण्या, आणि प्रत्येक भागाची स्वतःवरची. बी म्हणजे प्रयोगातल्या एखाद्या परिस्थितीमुळे त्या जोडण्यांत होणारा बदल. सी म्हणजे बाहेरून थेट आत येणारी चालना. मग या हालचालीवरून रक्तप्रवाह, रक्ताचं आकारमान आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन यांचं गणित चालवून सिग्नल काढायचा. हे गणित बलून मॉडेलचं, आणि त्याचे काही पॅरामीटर प्रत्येक भागासाठी वेगळे काढले जातात.

आता यातल्या भागाभागांतल्या सगळ्या जोडण्या तोडून टाका, बी शून्य करा, आणि प्रत्येक भागाला सगळ्या चालना थेट द्या. काय उरलं? जवळजवळ तेच नेहमीचं ॲक्टिव्हेशन विश्लेषण. २००३ च्या लेखातही मुद्दा हाच आहे: नेहमीचं विश्लेषण हा डीसीएमचा एक खास प्रकार, ज्यात भागांमधल्या जोडण्यांचा विचारच केलेला नाही. माझ्या मते या सॉफ्टवेअरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. ॲक्टिव्हेशन आणि कनेक्टिव्हिटी ही दोन वेगळी दुकानं नाहीत. एकाच मॉडेलचं एक रूप जोडण्यांशिवायचं, दुसरं जोडण्यांसकट.

एसपीएमबरोबर सरावासाठी जो डेटा मिळतो त्यावर हे फार छान दिसतं, म्हणून जरा तिथे थांबते. ब्यूखेल आणि फ्रिस्टन यांच्या १९९७ च्या कामातला हा डेटा: एकच माणूस, ३६० स्कॅन, ३.२२ सेकंदांना एक. पडद्यावर ठिपके (हे खरेखुरे ठिपके, आमचे रंगीत नव्हेत). कधी स्थिर, कधी मध्यापासून बाहेर सरकणारे. सरकत असताना कधी नुसतं बघायचं, कधी वेग बदलतोय का यावर लक्ष ठेवायचं. गंमत म्हणजे स्कॅनरमध्ये असताना वेग बदलतच नव्हता. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर तेच दृश्य. फरक फक्त लक्ष देण्याचा.

याचं साधं ॲक्टिव्हेशन विश्लेषण करा. काहीही दिसलं की मागच्या बाजूचं व्ही१ (दृष्टीचा पहिला टप्पा) उजळतं. ठिपके हलले की व्ही५ (हालचाल टिपणारा भाग). लक्ष दिलं की व्ही५ आणखी वर जातं, आणि पार्श्विक (परायटल) भागाचा वरचा पट्टाही. इथवर 'कुठे' हा प्रश्न संपला. पण व्ही५ वर का गेलं? तेच ठिपके, तोच वेग, मग हा जादा सिग्नल आला कुठून? एक शक्यता अशी, की लक्ष दिल्यामुळे व्ही१ कडून व्ही५ कडे जाणारा रस्ता जास्त मोकळा झाला. दुसरी अशी, की वरच्या पार्श्विक भागाकडून व्ही५ कडे येणारी जोडणी बळकट झाली. ॲक्टिव्हेशनच्या नकाशात दोन्ही अगदी सारखे दिसतील. बीटाचा, म्हणजे परिणामाच्या मापाचा, आकडा तोच. नकाशाकडे कितीही वेळ टक लावून बघा, उत्तर मिळायचं नाही.

डीसीएममध्ये ही दोन मॉडेलं बांधायची. दोन्हींत दृश्याची चालना व्ही१ ला, दोन्हींत हालचालीमुळे व्ही१ कडून व्ही५ ची जोडणी बदलते. लक्षाचा परिणाम एकात पुढे जाणाऱ्या जोडणीवर, दुसऱ्यात मागे येणाऱ्या. मग दोघांची तुलना. सरावाच्या पुस्तिकेत पुढे जाणाऱ्या जोडणीचं मॉडेल वरचढ ठरतं. नंतर २००८ मध्ये याच डेटावर तिसरा प्रकारही आला, ज्यात पार्श्विक भागाची स्वतःची हालचालच व्ही१ ते व्ही५ या जोडणीचं दार कमी-जास्त उघडते.

बघा, इथे कुणीही नवा ठिपका शोधला नाही. तिन्ही मॉडेलं त्याच ठिपक्यांचं स्पष्टीकरण देतायत. नेहमीच्या विश्लेषणात ज्याला मुख्य परिणाम म्हणतात तो डीसीएममध्ये बहुधा सी मध्ये जातो, आणि ज्याला आंतरक्रिया (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) म्हणतात ती बी मध्ये. म्हणून दोन घटकांचा प्रयोग डीसीएमला मानवतो: एक घटक चालना देणारा, दुसरा जोडणी बदलणारा. असा आराखडा नसेल तर डीसीएम चालतं, पण रडतखडत.

यावरून एक गोष्ट पुढे येते जी मला लेख तपासताना सतत खटकते. लेखक आधी आंतरक्रिया दाखवणारे भाग निवडतात. मग डीसीएम चालवतात, आणि मोठ्या आनंदाने लिहितात की बी शून्याहून वेगळा निघाला. अहो, निघणारच! आंतरक्रिया आहे म्हणूनच तर तो भाग मॉडेलमध्ये आला. तिचा खुलासा करायला कुठला ना कुठला बी शून्याहून वेगळा असावाच लागणार. बातमी आहे ती 'कुठला' यात. पुढे जाणारा, मागे येणारा, की त्या भागाचा स्वतःवरचा लगाम? तेवढंच सांगण्यासारखं असतं आणि नेमकं तेच वाक्य बऱ्याचदा गायब असतं.

याचमुळे 'आधी ॲक्टिव्हेशन बघून भाग निवडता आणि मग त्याच डेटावर डीसीएम करता, हे एकाच डेटाचं पाणी दोनदा पिणं झालं' हा आक्षेप मला फारसा पटत नाही. परिणाम आहे की नाही, हे डीसीएमने सिद्ध करायचं असतं तर आक्षेप बरोबर होता. परिणाम आहे हे आधीच ठरलंय. सगळी मॉडेलं तोच परिणाम समजावून सांगायला उभी राहतात आणि स्पर्धा असते ती समजावण्याच्या पद्धतींत.

आणि याची दुसरी बाजू. एका लेखाच्या परीक्षकाने आम्हाला कळवलं होतं, की या भागात ॲक्टिव्हेशन मिळालं नाही, तर तो डीसीएममध्ये घालून बघा, कनेक्टिव्हिटीत तरी काही निघेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्कॅनरमध्ये काम देऊन गोळा केलेल्या डेटावरचं नेहमीचं डीसीएम प्रयोगाने घडवलेला बदल समजावतं. बदलच नसेल तर समजावायला काय आहे? आम्ही नम्रपणे तसं लिहून पाठवलं. अर्थात एक सूट द्यायला हवी. दोन गटांत ॲक्टिव्हेशन सारखं असूनही त्यामागच्या जोडण्या वेगळ्या असू शकतात, कारण तीच उंची वेगवेगळ्या मिश्रणांतून गाठता येते. उलट, एखाद्या भागात गटागटांत ठळक फरक दिसतो आणि त्याचं मूळ त्या भागात नसतंच. आधीच्या टप्प्यावरच्या भागात असतं आणि फरक नुसता वाहत पुढे आलेला असतो. हे दुसरं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 'रुग्णांत हा भाग कमी काम करतो' असं लिहिण्याआधी दहादा विचार करायला ते लावतं.

आता वापराबद्दल. सॉफ्टवेअर उघडलं की तीन खिडक्या येतात आणि त्यांचं रूप बघून कुणालाही हे २०१४ चं आहे असं वाटणार नाही. नव्वदच्या दशकातलं वाटेल. मला त्याचं वावडं नाही. खटकतं ते वेगळंच. ॲक्टिव्हेशनचं विश्लेषण आणि डीसीएम यांचं नातं इतकं घट्ट, पण पडद्यावर ते कुठेच दिसत नाही. डीसीएमचं बटण वेगळं, जणू काही संबंधच नाही. नव्या माणसाला वाटतं की ॲक्टिव्हेशनसाठी केलेलं डिझाइन तसंच उचलून इथे आणायचं.

तसं करून चालत नाही. समजा, प्रयोगात चेहरे आणि घरं दाखवली. ॲक्टिव्हेशनसाठी दोन रिग्रेसर, चेहरे आणि घरं, वजा एकमेकांतून, झालं काम. डीसीएमला मात्र 'काहीही दृश्य' असा एक रिग्रेसर चालना म्हणून हवा आणि 'चेहरे' हा जोडणी बदलणारा म्हणून. म्हणजे तोच प्रयोग, तीच वेळापत्रकं, पण मांडणी नवी. शिवाय प्रयोग चार सत्रांत झाला असेल तर सत्रं एकापुढे एक जोडून एकच लांब सत्र करावं लागतं, आणि त्यानंतर एसपीएमची एक छोटी आज्ञा चालवावी लागते, म्हणजे सत्रांच्या सीमांवर फिल्टर आणि गोंगाटाचं मॉडेल नीट बसतं. पुष्कळ जण सत्रं जोडतात आणि ही आज्ञा विसरतात. माझ्याकडे डीसीएमसाठी कुणाचा डेटा आला, की मी आधी डिझाइन मॅट्रिक्सचं, म्हणजे सगळ्या रिग्रेसरांच्या तक्त्याचं, चित्र उघडते. तिथे चालना देणारा आणि जोडणी बदलणारा रिग्रेसर वेगवेगळे दिसले नाहीत, तर पुढचं काही बघायचं कारण नसतं.

मग भागांचे सिग्नल काढायचे. निकालाच्या खिडकीत आयगनव्हेरिएट (भागाचा प्रातिनिधिक सिग्नल) असं बटण आहे. ते दाबलं की नाव विचारतं, कशानुसार सिग्नल स्वच्छ करू विचारतं, आणि गोल की चौकोन विचारतं. दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे. प्रयोगातल्या सगळ्या परिणामांचा एक एफ-कॉन्ट्रास्ट (ते सगळे एकत्र तपासणारी चाचणी) आधीच करून ठेवलेला असला, तर तो निवडल्यावर डोक्याची हालचाल, सत्रांचे सरासरी आकडे वगैरे सिग्नलमधून निघून जातात. तो करायचा राहिला असेल तर यादीत योग्य पर्यायच दिसत नाही आणि मागे जावं लागतं. भाग निवडताना थ्रेशोल्ड सैल ठेवायला काहीच हरकत नाही. इथे आपण काही सिद्ध करत नाही, फक्त गोंगाटी व्हॉक्सेल बाजूला काढतोय. केंद्र मात्र त्या त्या माणसाच्या स्वतःच्या शिखरावर ठेवावं, गटाच्या शिखराच्या आसपास. सगळ्यांना एकच ठरीव जागा लावली तर काहींच्या बाबतीत तुम्ही पांढऱ्या द्रव्यात बोट घालून बसाल.

मॉडेल बांधण्याची खिडकी हा माझ्या नाराजीचा खास विषय. एकामागून एक प्रश्न येतात: कुठल्या चालना घ्यायच्या, स्लाइसच्या वेळा काय, एको टाइम किती, बदल साधा की अरेषीय, प्रत्येक भागाला एक अवस्था की दोन, चालना मध्यावर आणायच्या का. उत्तर दिलं की दिलं; मागे जायचं बटण नाही. मग गोल बटणांचे चौकोन येतात, स्तंभ म्हणजे 'इथून' आणि ओळ म्हणजे 'इकडे'. हे उलटं वाचलं की बाणाचं तोंड फिरतं आणि मॉडेल तरीही बिनतक्रार चालतं. भागांचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवल्याशिवाय मी ती खिडकी उघडत नाही. दहापेक्षा जास्त माणसांचा डेटा असेल तर तिच्या वाट्याला जाऊच नका. एकदा एक मॉडेल हाताने बांधा, त्याची फाइल उघडून आत काय आहे ते समजून घ्या, आणि पुढचं सगळं स्क्रिप्टने करा.

चालना मध्यावर आणण्याचा तो शेवटचा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. 'नाही' म्हटलं तर ए म्हणजे काहीच बदललेलं नसतानाची जोडणी. 'हो' म्हटलं तर ए म्हणजे संपूर्ण प्रयोगातली सरासरी जोडणी आणि बी म्हणजे त्या सरासरीपासूनचा फरक. एका 'हो'ने तुमच्या निकालाच्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ बदलतो. नेहमीच्या विश्लेषणात रिग्रेसर कशाशी तुलना करतोय यावर आपण तासभर वाद घालतो, आणि इथे तेच एका क्लिकवर सोडून देतो. प्रकाशित लेखांत हा पर्याय काय ठेवला होता हे शोधायला गेलं की पद्धतीच्या परिच्छेदात अनेकदा सापडत नाही.

मॉडेल चालू केल्यावर मॅटलॅबच्या खिडकीत ओळी सरकू लागतात: कितवी फेरी, एफचा आकडा किती, किती वाढेल असं वाटलं होतं आणि किती वाढला. एफ म्हणजे फ्री एनर्जी. मॉडेल डेटावर किती चपखल बसलं यातून ते किती गुंतागुंतीचं आहे ते वजा. तो चढत जाऊन थबकला की काम झालं. तीन-चार भागांचं मॉडेल असेल तर एका माणसामागे काही मिनिटांचा मामला. दोन मॉडेलांच्या एफमध्ये ३ चा फरक पडला तर एकाच्या बाजूचा पुरावा सुमारे २० पट, असा व्यवहारातला हिशेब. मात्र ही तुलना तोच डेटा असेल तरच. एका मॉडेलात तीन भाग आणि दुसऱ्यात चार, अशांची तुलना करता येत नाही, कारण चौथा भाग आला की डेटाच बदलला. एखादा भाग मॉडेलमध्ये हवा की नको, हा प्रश्न एफएमआरआयचं डीसीएम सोडवत नाही; तो तुम्हाला ॲक्टिव्हेशनवरून आणि शरीररचनेच्या ज्ञानावरूनच सोडवायचा असतो. पुन्हा गाडी तिथेच.

मग एक तपासणीची आज्ञा आहे, जी माझ्या मते आपोआप चालायला हवी होती. ती सांगते की मॉडेलने सिग्नलमधल्या चढउतारांपैकी किती टक्के समजावले. १० टक्क्यांच्या खाली असेल तर काहीतरी बिनसलंय. एफ मात्र अशा मॉडेलांचीही तुलना करून देतो आणि कुणीतरी जिंकतंच. सगळे उमेदवार नापास झाले तरी पहिला नंबर असतोच की. म्हणून मी एफ बघायच्या आधी भाकीत केलेली रेघ आणि खऱ्या सिग्नलची रेघ एकावर एक ठेवून बघते. सपाट रेघ दिसली तर बहुतेक वेळा कारण ॲक्टिव्हेशनच्या टप्प्यावर सापडतं: त्या माणसाचा परिणामच कमकुवत, नाहीतर वेळापत्रक सरकलेलं.

आकडे वाचणं. भागाभागांतल्या जोडण्या हर्ट्झमध्ये येतात, म्हणजे एका भागामुळे दुसऱ्यातला बदल किती वेगाने होतो. स्वतःवरची जोडणी मात्र वेगळी. ती नेहमी लगामच असते, आणि पॅरामीटर मिळतो तो लॉगच्या मापात. खरं मूल्य म्हणजे उणे ०.५ गुणिले त्या पॅरामीटरचा घातांक. म्हणून तिथे धन आकडा म्हणजे लगाम घट्ट झाला, भाग येणाऱ्या निरोपांना कमी दाद देऊ लागला, आणि ॲक्टिव्हेशन खाली गेलं. ऋण आकडा म्हणजे लगाम सैल, ॲक्टिव्हेशन वर. ॲक्टिव्हेशनच्या नकाशावर लाल दिसतंय आणि डीसीएमच्या तक्त्यात उणे, मग लोक गोंधळतात आणि मला ईमेल येतात. दोन्ही एकच सांगत असतात.

पूर्वी गटाचा निकाल काढायला प्रत्येकाचे पॅरामीटर घेऊन साधी टी-टेस्ट करत. आता पेब आहे, म्हणजे पॅरामेट्रिक एम्पिरिकल बेझ. कुणाचा अंदाज खात्रीचा आणि कुणाचा डळमळीत हेही ते लक्षात घेतं, आणि गोंगाटी डेटाच्या माणसाचं मत आपोआप हलकं होतं. गटाच्या पातळीवरचं हे डिझाइन मॅट्रिक्स नेहमीच्या विश्लेषणासारखंच असतं: पहिला स्तंभ सरासरीचा, पुढे वय, गट, गुण. एसपीएमच्या या भागाला माझे पूर्ण गुण. झाइडमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावर दोन भागांचं मार्गदर्शन लिहिलं. ६० जणांचा भाषेचा प्रयोग, चित्रं आणि शब्द, पुढच्या मेंदूतले डावे-उजवे मिळून चार भाग. त्यात सगळी कामं मिळून एक चालना आणि चित्रं-शब्द हे जोडणी बदलणारे, म्हणजे मी वर सांगितलेली मांडणीच. डेटा आणि स्क्रिप्टही सोबत. शिकायचं असेल तर आणखी कुठेही जाऊ नका.

बाकीच्या पर्यायांबद्दल झटपट. पीपीआय (सायकोफिजिओलॉजिकल इंटरॅक्शन) १९९७ पासून आहे. एका बीजभागाचा सिग्नल आणि काम यांचा गुणाकार रिग्रेसर म्हणून घालायचा आणि सगळ्या मेंदूवर नकाशा काढायचा. ॲक्टिव्हेशन विश्लेषणाचा हा सख्खा भाऊ, आणि कुठला भाग बदलतोय हे आधी ठाऊक नसेल तर मी याच्याकडेच जाते. दोनपेक्षा जास्त परिस्थिती असतील तर २०१२ चं जीपीपीआय (त्याचंच व्यापक रूप) घ्या. बाणाची दिशा मात्र यात तुम्ही गृहीत धरता, तपासत नाही. विश्रांतीच्या, म्हणजे कुठलंही काम न देता घेतलेल्या, डेटासाठी कॉन ही साधनांची पेटी (टूलबॉक्स) वापरायला सोपी. एसपीएममध्येही २०१४ पासून स्पेक्ट्रल डीसीएम आहे. शेकडो भाग हवे असतील तर रिग्रेशन डीसीएम, जे वेगवान आहे पण बदल्यात रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ठरीव धरतं. ग्रेंजर पद्धत (जे आधी हलतं ते कारण, असं मानणारी) थेट एफएमआरआयच्या सिग्नलवर लावायला मी तयार नसते. एका भागातला रक्तप्रवाह मुळातच सावकाश असेल तर तो मागाहून हलल्यासारखा दिसतो आणि कारण-परिणाम उलटे होतात. २००८ मध्ये डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या उंदरांवर मेंदूत इलेक्ट्रोड घालून झटक्याचा उगम तपासला होता. रक्तप्रवाहाचा परिणाम वजा केल्याशिवाय ग्रेंजरचं उत्तर चुकलं, आणि डीसीएमने बरोबर जागा दाखवली. डीसीएमवरचा माझा भरवसा बराचसा या एका प्रयोगामुळे आहे.

टीकाही आहे आणि ती वाचायला हवी. २०१२ मध्ये लोहमान आणि सहकाऱ्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, की शक्य मॉडेलांची संख्या अफाट असते आणि निवडलेल्या मूठभरांतलं श्रेष्ठ म्हणजे खरं नव्हे. डीसीएमच्या मूळ मंडळींनी उत्तर दिलं, वाद रंगला. माझं झुकतं माप मूळ मंडळींकडे आहे, पण नावातल्या 'कॉजल' या शब्दाने वाचकाची फसगत होते हे मान्य करायला हवं. मॉडेलमध्ये कार्यकारण गृहीत धरलेलं असतं. मॉडेलबाहेर राहिलेला एखादा भाग दोघांनाही चालना देत असेल, तर डीसीएमला त्याचा पत्ता नसतो.

तारे द्यायचेच तर पाचापैकी चार. कापलेला एक त्या प्रश्नोत्तरांच्या खिडकीसाठी. घेणाऱ्याने आपल्याकडे दोन घटकांचा प्रयोग, प्रत्येक माणसात दिसणारा परिणाम आणि निदान दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणं आहेत ना, ते बघावं. यातलं तिसरं नसेल तर ॲक्टिव्हेशनचा नकाशा छापा, तो पुरेसा आहे. आणि एक सोय जाता जाता: डीसीएमच्या फाइलमध्ये भागांचे सिग्नल आणि चालनांची वेळापत्रकं दोन्ही साठवलेली असतात, त्यामुळे मॉडेल दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं असेल तर मेंदूची चित्रं पाठवावी लागत नाहीत. ती एक छोटी फाइल पुरते, आणि समोरचा त्यातलं बी बदलून स्वतःचं मॉडेल लगेच चालवून बघू शकतो.